मधल्या घरांच्या अक्षता

दुपारचा तास संपला की विरूपाक्ष बिरादार वर्गाच्या खिडकीशी जरा वेळ उभे राहत. देगलूरच्या शाळेत नववीला गणित शिकवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. खिडकीतून त्यांना गाव दिसे, पण त्याहून स्पष्ट दिसत ती गावावर अलगद उतरलेली वर्तुळे. एक मोठे, सैलसर वर्तुळ मराठीचे. त्यात अर्धेअधिक शिरलेले तेलुगूचे, बाजारच्या दिवशी फुगणारे आणि एरवी ओसरणारे. तिसरे कानडीचे, लहान पण घट्ट, घराघरांतल्या चुलीपाशी बसलेले. चौथे दखनी उर्दूचे, बसस्थानकापासून धान्याच्या मोंढ्यापर्यंत पसरलेले. चार वर्तुळांत सगळे छेद दाखवता येत नाहीत हे गणिताच्या माणसाला ठाऊक असते, म्हणून चौथ्याला ते मनातल्या मनात थोडे लांबट करून घेत. मग सगळे नीट बसे. भाव मराठीत विचारणारी, घासाघीस तेलुगूत करणारी आणि राग आला की कानडीत शिरणारी बाई भाजीच्या टोपलीपाशी उभी असे, आणि ती जिथे उभी आहे तिथला रंग आजूबाजूपेक्षा थोडा गडद आहे, असे सरांना खरोखर वाटे.

हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. पत्नी शिवकांता यांना मात्र न सांगताच कळले होते. जेवता जेवता सरांचे बोट ताटातल्या आमटीच्या कडेवरून फिरू लागले की त्या म्हणत, "अहो, भाकरी गार होऊन राहिली. तुमचे गोल नंतर काढा."

वर्गात पुस्तकातली शाब्दिक उदाहरणे आली, चहा पिणारे इतके, दूध पिणारे तितके, की सर पुस्तक मिटून ठेवत. "कुणाकुणाच्या रानात तूर आहे? हात वर. हरभरा कुणाच्या? दोन्ही कुणाच्या?" फळ्यावर दोन वर्तुळे उमटत, एकमेकांत थोडी शिरलेली, आणि त्यांच्या मधोमध बदामाच्या आकाराची ती चिंचोळी जागा. सरांचा नियम एकच होता. उदाहरण कसलेही असो, आधी मध्य भरायचा. दोन्हीकडचे कोण आहेत ते पहिल्यांदा लिहायचे, मग उरलेले कडेला. "कडेपासून सुरुवात केली तर मधली माणसं हरवतात," असे ते म्हणत, आणि म्हणताना त्यांचा स्वर उगाच मृदू होई.

त्या मृदूपणाला कारण होते. सरांचे स्वतःचे लहानपण एका अशाच मधल्या जागेत गेले होते. देगलूर-उदगीर रस्त्यावरच्या एका खेड्यात ते जन्मले. आई लवकर गेली, आणि थोरल्या बहिणीने, गुरम्माने, या भावाला आपल्या सासरी उदगीरला शिकायला नेले. अक्काचे यजमान शिवशंकर आणि धाकटे दीर गुंडप्पा यांचे भुसार मालाचे दुकान होते, घर एक होते, चूल एक होती. त्या घरात विरूपाक्ष पाहुणा नव्हता आणि घरचाही नव्हता. पंगत बसली की तो खांबाशी रेंगाळत उभा राही. घरच्या मुलांच्या ओळीत एक पाट जास्तीचा मांडून अक्का भाकरी वाढायला लागे, आणि त्या पाटावर बसायचे कुणी हे मग आपोआप ठरून जाई. अक्काला मूल झाले नाही. भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याला मुलगी झाली, तेव्हा बारशाला आत्या म्हणून तिनेच कानात नाव सांगितले: स्वप्नाली.

आता त्या स्वप्नालीचे लग्न ठरले होते, आणि तेही अक्कानेच जुळवले होते. मुलगा गुंडप्पांचा संगमेश्वर, म्हणजे अक्काचा पुतण्या. स्वप्नाली तिला आत्या म्हणे, संगमेश्वर मोठी आई म्हणे. देगलूर-उदगीरच्या या पट्ट्यात सोयरीक अशीच ओळखीच्या उंबऱ्यांमधून फिरत राहते, त्यामुळे वधूपक्ष कुठे संपतो आणि वरपक्ष कुठे सुरू होतो हे सांगताना मोठमोठ्यांची जीभ अडखळते.

याच अडखळण्यातून मागच्या वर्षी एका नातेवाइकाच्या लग्नात गोंधळ झाला होता. या लिंगायत घराण्यांत पत्रिका छापतात, मोबाईलवरही पाठवतात, पण त्याला आमंत्रण म्हणत नाहीत. कपाळी विभूती लावून घरचे माणूस उंबऱ्याशी यावे, हळद-कुंकवात रंगवलेली ज्वारी समोरच्याच्या तळहातावर ठेवावी आणि म्हणावे, लग्नाला या. ही अक्षता ज्या घरी पोचली नाही, ते घर लग्नाला जात नाही आणि का आली नाही हेही विचारत नाही. मागच्या वेळी दोन्हीकडची घरे अशी होती की त्यांना दोन्हीकडून अक्षता गेल्या, आचाऱ्याने त्यांना दोनदा मोजले, आणि शेवटी बुंदीचा ढीग असा उरला की गल्लीतली पोरे बुंदी पाहून तोंड फिरवू लागली.

म्हणून यंदा गुंडप्पा देगलूरला बैठकीला आले, तेव्हा सरांनी ओसरीच्या फरशीवर खडूने दोन वर्तुळे काढली. एकेका घराच्या नावाने तुरीचा एकेक दाणा ठेवत गेले. संध्याकाळचे ऊन ओसरीत तिरपे आले होते आणि दाणे पिवळे दिसत होते.

"हे तुमचं, हे आमचं," सर म्हणाले. "आणि ही मधली घरं. मागच्या खेपेला ही दोनदा मोजली गेली."

गुंडप्पांनी मधल्या जागेवर बोट ठेवले. "म्हंजे बुंदी इथं सांडली."

"हाव. यंदा मधली घरं एकदाच."

"एकदाच! पटलं की, सर." गुंडप्पांनी बशीतला चहा संपवला. "मास्तर व्याही मिळाला त्याचा असा फायदा हाय बघा. आमचा आचारी नुसती बेरीजच करतो."

दारातून शिवकांताबाई म्हणाल्या, "लग्नघरात कमी पडण्यापेक्षा चार घास उरलेले बरे, भाऊजी."

"उरतील वहिनी, तेवढे उरतील."

सरांचे या बोलण्याकडे लक्ष नव्हते. ते त्या मधल्या दाण्यांकडे पाहत होते. किती दाटीने बसले होते ते! बाकीचे दाणे आपापल्या वर्तुळात विखुरलेले, आणि हे मात्र खांद्याला खांदा लावून, जणू दोन्हीकडची हाक एकाच वेळी ऐकत. त्या दाटीच्या बरोबर मधोमध अक्काच्या घराचा दाणा होता. सरांना तो पाहून इतके बरे वाटले की पुढचा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. या मधल्या घरांत जायचे कुणी? गुंडप्पांना वाटले, मुलीकडच्यांनी हे काढले आहे तर तेच करतील. सरांना वाटले, बहुतेक घरे उदगीरची आहेत, तर गुंडप्पा पायीच जाऊन येतील. दोघेही समाधानाने उठले. शिवकांताबाईंनी झाडू घेऊन खडू पुसला आणि दाणे परत डब्यात गेले.

फाल्गुन लागला. परीक्षा जवळ आली म्हणून सरांनी संचांची उजळणी घेतली. बाहेर वारा होता, मैदानातला पाचोळा गोल गोल फिरत होता. सरांचे मन लग्नाच्या आनंदाने हलके झाले होते, आणि उदाहरणही त्यातूनच सुचले. वधूपक्षाची ऐंशी घरे, वरपक्षाची सत्तर, दोन्हीकडची तीस. तर एकूण किती घरांचा स्वयंपाक करावा?

अक्षरा नावाची मुलगी न बोलावताच फळ्यापाशी आली. तिला थांबणे जमत नसे. तिने दोन्ही वर्तुळे काढली, ऐंशीतून तीस वजा केले, सत्तरातून तीस वजा केले, पन्नास आणि चाळीस मिळवले आणि खडू ठेवला.

"नव्वद. सर, यंदा बुंदी उरतच न्हाई."

वर्ग हसला. मागच्या वर्षीची बुंदी सगळ्या गावाला माहीत होती. सरही हसले.

"उरणार नाही हे खरं. पण अक्षरा, ही तीस घरं तू पाठवलीस कुठं?"

"ह्या गोलातून काढली सर, कारण ती त्या गोलात होती."

"बरं."

"मग त्या गोलातून काढली, कारण ती ह्या गोलात होती."

"आणि आता?"

अक्षराने फळ्याकडे पाहिले. वर्तुळांच्या मधली बदामाची जागा कोरी होती. "आता कुठंच न्हाईत, सर."

"मग? मधले उपाशी ठेवलेस की सगळे!" सर म्हणाले. वर्ग पुन्हा हसला, आणि सर त्या हसण्यात सामील व्हायला तोंड उघडून तसेच राहिले. कोऱ्या जागेकडे पाहताना त्यांना ओसरीतले ऊन आठवले, पिवळे दाणे आठवले. प्रत्येकाने आपल्या वर्तुळातून मधले काढले होते. गुंडप्पांनी काढले, कारण ते सरांचे. सरांनी काढले, कारण ते गुंडप्पांचे. सरांच्या हातातला खडू खाली आला. बोटांवर पांढरी भुकटी होती आणि ती पुसायचे त्यांना सुचले नाही.

"सर, चुकलंय ना माझं?" अक्षराने विचारले.

"हो," सर म्हणाले. "एकदाच वजा करायचं असतं. बस खाली. पुन्हा कर."

तास संपताच त्यांनी व्हरांड्यातून गुंडप्पांना फोन लावला. पलीकडे पोती उतरवल्याचा धपधप आवाज येत होता.

"मधल्या घरांना अक्षता गेल्या का हो?"

"गेल्या असतील की. तुमीच गेला असाल."

"मी नाही गेलो."

धपधप थांबल्यासारखी झाली. "आमी बी न्हाई, सर."

"अक्काला?"

गुंडप्पा दुकानाबाहेर आले असावेत, रस्त्याचा आवाज येऊ लागला. मग म्हणाले, "वहिनी तर आता भिंतीपलीकडं वेगळ्या चुलीवर राहतात. मला वाटलं, भावाची अक्षता आधी येऊ द्यावी. मान हाय तो."

घरी शिवकांताबाईंनी ऐकले आणि त्या पाटावर बसल्या. त्यांना एवढ्या दिवसांत अक्काचा फोन आला नव्हता, आणि अक्का तिकडच्या तयारीत गुंतली असेल असे त्यांनी धरून चालले होते. आता तो न आलेला फोन त्यांना निराळा ऐकू येऊ लागला. शिवशंकर जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्यानंतर अक्का कार्यात गेली तरी मागे, खांबाआड बसे. तिला तसे कुणी सांगितले नव्हते. कुणी बोलावून पुढेही बसवले नव्हते.

"त्यांना वाटलं असणार," शिवकांताबाई म्हणाल्या, "की पांढऱ्या कपाळाची नको म्हणून टाळलं."

सर बोटांवरचा खडू पुसू लागले.

"तुम्ही आत्ता निघा. आपल्या घरी हळद कुटायला पहिला हात आत्याचा असतो. अक्का नसल्या तर मी पोरीला हळद लागू देणार न्हाई. लग्न मग गोल काढून लावा तुमचं." बोलता बोलता त्यांनी रंगवलेल्या ज्वारीची पुडी बांधली, आणि ती सरांच्या पिशवीत ठेवली.

उदगीरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हरभरा काढून झाला होता आणि उघड्या रानातून उन्हाची धग लाटांनी वर येत होती. बांधावरचे पळस पेटल्यासारखे लाल. कंडक्टर एका बाईशी तेलुगूत वाद घालत होता आणि तिकीट मात्र मराठीत देत होता. सरांचे डोळे जड झाले. त्यांना दिसले की ते बदामाच्या आकाराच्या एका खोलीत उभे आहेत. खोलीच्या दोन्ही भिंती वाकलेल्या आहेत आणि दोन्हींपलीकडे वाजंत्री चालली आहे. डावीकडचे लोक म्हणतात, ते तिकडे आहेत. उजवीकडचे म्हणतात, ते इकडे आले असतील. खोलीला दार नाही. एक पाट मांडलेला आहे आणि त्यावर बसलेल्या बाईचा चेहरा त्यांना दिसत नाही.

गचका बसून ते जागे झाले. करडखेडच्या तलावाजवळ बस हळू झाली होती. काठावरून दोन म्हशी थोड्या अंतराने पाण्यात शिरल्या. प्रत्येकीभोवती एक तरंग उठला, मोठा होत गेला, दुसऱ्यात शिरला आणि त्याला जराही न मोडता पलीकडे निघून गेला. मधे, जिथे ते भेटले, तिथे पाणी क्षणभर जाळीसारखे दिसले. सर मागे वळून पाहत राहिले. अक्काला सांगावे असे काय काय त्यांच्या मनात जुळत होते, आणि उदगीरचा किल्ला दिसेपर्यंत त्यातले एकही वाक्य शाबूत उरले नाही.

अक्का दारातच चिंचा फोडत बसली होती. एका बाजूला गर, एका बाजूला चिंचोके.

"बा तम्मा, कूतको," ती कानडीत म्हणाली. ये बाळा, बस. पण पाट पुढे सरकवला नाही. सर उंबऱ्यापाशीच बसले.

"पाहुण्यासारखा पिशवी घेऊन आलास."

"अक्षता आणल्यात, अक्का."

"कुणाच्या लग्नाच्या?" तिने आणखी एक चिंच फोडली. "आमच्या नात्यात एक लग्न हाय म्हणं. पत्रिका आली की मोबाईलवर. बसवण्णांचा फोटो लई झकास हाय. मी नमस्कार केला आणि मोबाईल ठेवून दिला."

"अक्का, माझं चुकलं. गणितात चुकलो मी."

अक्काने आता त्याच्याकडे पाहिले. "तू? गणितात? खोटं बोलायला तुला दुसरा विषय न्हाई सापडला?"

"खरं सांगतो."

"नको सांगू. मला ठाऊक हाय." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मठाचे अय्या सांगतात, गळ्यात लिंग बांधलं त्या बाईला विधवापण न्हाई. समदे माना डोलवतात. मग कार्यात बाया कुंकू लावत येतात, आणि माझ्यापाशी आल्या की बोट वळवतात. त्याचं मला काही वाटत न्हाई आता. पण रोज दुपारी हात धुऊन बसत होते रे मी. म्हणलं, तम्मा येईल. तम्मा बोट वळवणाऱ्यातला न्हाई."

सरांनी चिंचोक्यांच्या ढिगाकडे हात नेला आणि एकेक चिंचोका जमिनीवर मांडू लागले. एक वर्तुळ झाले, दुसरे झाले. अक्का चिंच फोडायची थांबून पाहू लागली.

"हे काय करलालास?"

"हे आमचं. हे गुंडप्पांचं. ही मधली घरं. मी म्हटलं, ही एकदाच मोजायची. त्यांनी समजून घेतलं, मी मोजीन. मी समजून घेतलं, ते मोजतील."

"गोलात बसवून कुणालाही गप करता येतं, तम्मा."

"तू एकटी नाहीस यात, अक्का. थोरल्या मावशीचं घर राहिलं. चिंचोळ्या गल्लीतले बिरादार राहिले. मोंढ्यातले चुलते राहिले. मठ राहिला."

"मठ?"

"मठ मधेच की. अय्या दोन्ही घरांचे गुरू."

अक्काच्या हातातली चिंच तशीच राहिली. "मठात अक्षता न्हाई गेल्या? लगीन लावणाऱ्या अय्यांना?"

"मुहूर्त त्यांनीच काढून दिलाय. पण अक्षता..." सरांनी मान हलवली. "कुणीच नाही गेलं."

"म्हणून!" अक्काने कपाळावर हात मारला. चिंचेचा चिकट गर कपाळाला लागला. "अगं बाई, म्हणून! परवा अय्या हितं दारात उभे राहून विचारून राहिले होते, गुरम्मा, तुमच्या पोरांचं लगीन मोडलं का लांबलं? मला वाटलं, माझ्या तोंडातनं काढून घेऊन राहिलेत. मी म्हणलं, मला काय ठाऊक, मी परकी बाई. तर म्हणाले, मग मी त्या दिवशी भालकीचं एक लगीन धरतो."

"धरलं का?"

"ते मला सांगून धरतात होय?"

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मग अक्काचे खांदे हलू लागले. ती आधी तोंड मिटून हसली, मग उघडून, मग पदर तोंडाला लावून. "नवरी तयार, नवरा तयार, मांडव तयार. आणि मंत्र म्हणणारा भालकीला! दोन शहाण्यांनी मिळून असलं लगीन काढलं व्हय!" सरांनाही हसू आवरेना. शेजारच्या दारातून एक बाई डोकावून गेली.

हसणे ओसरल्यावर अक्काने कपाळ पुसले. "अय्यांना टाळायची छाती गुंडप्पाच्या बापात बी नव्हती," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या आवाजातली ती खाली गेलेली गोष्ट वर आली. तिने पाट सरकवला. "बस नीट. उंबऱ्यावर बसू नये."

सरांनी पुडी सोडली. अक्काने मात्र हात मागे घेतला.

"तुझी एकट्याची नको."

"का?"

"तुझी घेतली तर मी तुझ्याकडची झाले. ह्या घरात मी जन्म काढला. ह्यांचे आजार काढले, दिराच्या लेकरांची शेंबडी नाकं पुसली. ते काय पुसून टाकू? फोन लाव त्याला. म्हणावं, भिंत फार जाड न्हाई."

गुंडप्पा भिंतीपलीकडून नव्हे, दुकानातून आले. अंगावर डाळीची धूळ आणि हातात अक्षतांचे ताट. येताना घरातून ते उचलून आणायचे भान त्यांना राहिले होते, चपला उलट्यापालट्या घालू नयेत याचे नव्हते.

"वहिनी, मला वाटलं सर..."

"आणि सरांना वाटलं भाऊजी. तुमचं दोघांचं वाटून झालं असंल तर पुढं बोला."

"आधी सरांची घ्या. माहेरची पहिली."

"आधी तुम्ही द्या," सर म्हणाले. "सासरची."

"आता ह्याच्यावरून भांडा!" अक्काने हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही तळहात जोडून ओंजळ पुढे केली. "दोघं एकदम द्या."

दोघांनी एकदम दिल्या. पिवळी-लाल ज्वारी दोन बाजूंनी ओंजळीत घरंगळली आणि तळाशी एक झाली. सर तिच्याकडे पाहत राहिले. आता कोणता दाणा कुणाचा हे निवडायला कुठलीच रेघ नव्हती. अक्काने ओंजळ कपाळाला लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"चला," ती म्हणाली. "आधी मठ. मग मावशी. मग मोंढा. ऊन उतरायच्या आत मधली घरं झाली पाहिजेत. बोलवायला दोघांनी जायचं, आणि आचाऱ्याला मात्र एकदाच सांगायचं."

गुंडप्पांनी ताट उचलले. अक्षतांचे ताट सवाष्णीने धरायचे असते. हे तिघांनाही ठाऊक होते आणि तिघेही काही क्षण त्या ठाऊक असण्यापाशी थबकले.

"मी घरातून हिला बोलावतो," गुंडप्पा म्हणाले, "म्हंजे ताट..."

वाक्य तिथेच थांबले. अक्का त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती खाली वाकून जमिनीवरचे चिंचोके गोळा करत होती, दोन्ही वर्तुळांतले एकाच मुठीत, आणि तिची पाठ ऐकत होती. सरांना वाटले, आपण बोलावे. पण हे त्यांनी बोलून भागणारे नव्हते. वर्तुळ गुंडप्पांचे होते, आणि वाट त्यांच्याच बाजूने उघडायची होती. गल्लीत कुठेतरी पिठाची गिरणी चालू झाली. तिची घरघर उन्हासारखी सगळीकडे पसरली.

गुंडप्पांनी ताटाकडे पाहिले, मग वहिनीच्या वाकलेल्या पाठीकडे. उलट्या चपला काढल्या, सरळ घातल्या. दोन पावले पुढे आले.

"वहिनी," ते म्हणाले, "ताट धरा."

अक्का सरळ झाली. चिंचोके कोनाड्यात ठेवून तिने हात पुन्हा धुतले, आणि लगेच ताट घेतले नाही. कुंकवाचा करंडा कलंडला होता, तो आधी नीट उभा केला. कपाळावर विभूतीची तीन बोटे ओढली. मग ताट दोन्ही हातांनी उचलून ती उंबऱ्याबाहेर पडली.

गल्ली अरुंद होती. दोघे व्याही तिच्या मागे, एकमेकांना वाट देत, कधी एक भिंतीला घासत तर कधी दुसरा. दारांत बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या. एकीने उगाच पदर सावरला. अक्काने कुणाकडे पाहिले नाही. ताट हलू न देता, पण एरवीपेक्षा जरा लांब पावले टाकत ती चालत राहिली, आणि सरांना मागून दिसत होते की तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंच्या छपरांची सावली पडते आहे, सरकते आहे, पडते आहे.

मठाच्या दारात अय्या वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी ताट पाहिले, ताट धरणारीला पाहिले, आणि चष्मा काढला.

"शरणु शरणार्थी, अय्या," अक्का पायरीवरूनच म्हणाली. "भालकीला कळवून टाका. आमचं लगीन मोडलं न्हाई."

अय्यांनी तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले. "मग इतके दिवस होता कुठं तुम्ही?"

अक्काने ताट पुढे केले. "हात पुढं करा," ती म्हणाली. "ते गणित सर सांगतील. तुम्ही आधी अक्षता घ्या."